साडेचार गावांची काशम्मा

काशम्मा बळेगार आमच्या सोलापूरच्या घरी पहिल्यांदा आली ती ३ ऑक्टोबर १९२७ रोजी. पडवीत भिंतीला टेकून बसली, दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा मांडीवर घेतल्या आणि माझ्याकडे न पाहता माझ्या मनगटाकडे पाहू लागली.

"वकीलीणबाई, ही बांगडी तुमची न्हाय. तुमाला सव्वादोन लागती. ही अडीचची कुणी भरली?"

मी त्या कासाराचे नाव सांगितले. त्यावर ती कानडीत काहीतरी म्हणाली. ते मला कळले नाही, आणि त्या कासाराच्या दृष्टीने ते बरेच झाले असावे.

ती करजवाडीची. करजवाडी हे सोलापूरपासून नऊ मैलांवरचे संस्थान. संस्थान म्हणजे साडेचार गावे. चार गावे पूर्ण होती आणि पाचव्या बोरमाळच्या मधून ओढा जात होता. ओढ्याच्या अलीकडचे अर्धे गाव करजवाडीच्या सरकारांचे आणि पलीकडचे इंग्रजांचे. इंग्रजी मुलखाला तिकडे सगळे खालसा म्हणत. माझे यजमान सोलापुरात वकिली करत आणि आठवड्यातून दोन दिवस करजवाडीचे कारभारी म्हणून कचेरीत बसत. मीही अनेकदा त्यांच्याबरोबर टांग्यातून जात असे. त्यामुळे काशम्माचे घर मला माझ्या घराइतकेच माहीत झाले.

तिच्या सासरच्या घराण्याला जुन्या सरकारांची सनद होती. करजवाडीच्या शिवेत लग्नाचा हिरवा चुडा भरायचा तो याच घराने, दुसऱ्या कासाराने भरायचा नाही. सनद तिचा नवरा गुरुबसप्पा याच्या नावावर होती. त्याने चाळीस वर्षे बांगड्या भरल्या. पुढे त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, उजेड आणि अंधार एवढेच कळू लागले, तेव्हा काम काशम्माकडे आले. बांगडी भरताना ती हाताकडे बघत नसे. समोरच्या बाईच्या सासूची चौकशी करता करता तिचा अंगठा तळव्यात मिटवायची, हाडे एका अंगाला सारायची आणि बांगडी आत गेलेली असायची. काम झाले की एक बांगडी जास्तीची भरायची, तिचे काही घ्यायची नाही. मग भरून घेणारी बाई तिला वाकून नमस्कार करायची, मग ती सावकाराची सून का असेना.

१ एप्रिल १९३० पासून खालशात चौदा वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावणे गुन्हा ठरला. संस्थानांनी आपापले बघायचे होते, आणि करजवाडीच्या सरकारांनी काही बघितले नाही. परिणाम असा झाला की त्या वैशाखात करजवाडीत चोपन्न लग्ने लागली. आदल्या वर्षी अकरा लागली होती. आकडे कचेरीतले आहेत, मी उतरून ठेवले होते. सोलापूरच्या पेठांतून, बार्शीहून, विजापूरहून वऱ्हाडे येत. धर्मशाळा कमी पडू लागली. ज्ञानबा हवालदार, म्हणजे संस्थानच्या पाच शिपायांपैकी थोरला, म्हणायचा, "पूर्वी माणसं चोरी करून संस्थानात पळून येत होती. आता लगीन करायला पळून येत्यात. फरक एवढाच, की आता संगं वाजंत्री असती."

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. पांढरी टोपी घालून रस्त्यावर जाणेसुद्धा धोक्याचे झाले. शहरातली कितीतरी कुटुंबे तेव्हा ओढा ओलांडून करजवाडीच्या हद्दीत येऊन राहिली, आणि गावाने त्यांना ज्वारी दिली, जागा दिली. साडेचार गावांना आपल्या राज्याचा अभिमान होता तो पोकळ नव्हता.

१९३४ च्या आश्विनात सरकार वारले. पोटी मूल नव्हते. राणीसाहेबांना दिराचा नातू दत्तक घ्यायचा होता. वरून विचारणा झाली, की एवढेसे संस्थान पुढे चालवावे तरी कशासाठी? ते सोलापूर जिल्ह्यात का सामील करू नये? लोकांचे मत घेण्याची वरच्यांना खरे तर गरज नव्हती, पण चौकशीला नेमलेला साहेब काटेकोर होता. त्याने प्रत्येक गावातून वीस पुरुष आणि दहा बायका बोलवायचे ठरवले. बोरमाळचे निम्मे.

महिनाभर करजवाडीत दुसरा विषय नव्हता. जे संस्थान राहावे म्हणत ते सांगत, इथे वांधा झाला तर सरकारांच्या समोर उभे राहून बोलता येते. खालशात कागद पुढे जातो आणि माणूस मागे राहतो. जे सामील व्हावे म्हणत त्यांना दवाखाना हवा होता, पक्का रस्ता हवा होता, सातवीपर्यंतची शाळा हवी होती. ते थोडे होते आणि हळू बोलत. माझेही मत सामील व्हावे असेच होते. साडेचार गावांत एक वैद्य, तोही बहिरा. पण कारभाऱ्याच्या बायकोने मत सांगायचे नसते, म्हणून मी ते वहीपलीकडे कुठे सांगितले नाही.

काशम्मा काय म्हणणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. चार वर्षे तिचा धंदा या लग्नांवर चालला होता. शिवाय तिच्या घरातच एक लग्न ठरले होते.

तिची नात गौरम्मा तेव्हा दहा वर्षांची होती. लेकीची लेक. आई बाळंतपणात गेली, बापाने दुसरे लग्न केले, तेव्हापासून पोर आजीकडे. सोलापुरात धान्याचे दुकान असलेल्या मडिवाळप्पांनी तिला आपल्या मुलासाठी मागणी घातली होती. घर चांगले होते, माणसे शिवराळ नव्हती, आणि आईबाप नसलेल्या मुलीला असे घर पुन्हा सांगून येईल याचा भरवसा नव्हता. लग्न वैशाखात करजवाडीत व्हायचे ठरले. मडिवाळप्पांची अट एवढीच होती, की तोवर करजवाडी संस्थानच राहिली पाहिजे. त्यांना कोर्टात उभे राहायचे नव्हते, आणि मुलगी चौदाची होईपर्यंत थांबायचेही नव्हते.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी काशम्मा माल घ्यायला सोलापूरला आली होती. परतताना आमच्याकडे थांबली आणि यजमान बाहेर येताच म्हणाली, "कारभारी, खालसा कवा होणार?"

"होणार असं कुठं ठरलंय? झालंच तर एक एप्रिलपासून."

"वैशाख त्याच्या मागनं येतो की."

"येतो."

"मग मडिवाळप्पा म्हणतोय ते खरं हाय. वैशाख सरंपतोर राज्य टिकलं पायजे."

"काशम्मा, एका लग्नासाठी राज्य टिकवायचं?"

"मग कशासाठी टिकवायचं? तुमाला आठवड्याला दोन दिस टांग्यात बसता यावं म्हणून?"

यजमान जेवायला बसेपर्यंत हसत होते.

साहेब ११ डिसेंबरला आला. त्याला मराठी येत होते, पण ते पुस्तकातले. बोरमाळच्या बाईचे बोलणे त्याला उमजेना. बायकांचे म्हणणे इंग्रजीत करून सांगायला आणि लिहून घ्यायला कोणी बाई हवी होती. माझे इंग्रजी कॉन्व्हेंटमधले, म्हणून ते काम माझ्याकडे आले. कचेरीच्या मधल्या खोलीत पडदा लावला. पडद्याआड बायका बसल्या, अलीकडे साहेब, आणि मी पडद्याच्या कडेला, दोन्हीकडे तोंड करून. दाराशी ज्ञानबा हवालदार.

साहेबाच्या कागदावर दोन रकाने होते. संस्थान राहावे, आणि जिल्ह्यात जावे. सकाळपासून पंचवीस बायकांनी पहिला रकाना सांगितला होता आणि तिघींनी दुसरा. मग काशम्माची पाळी आली.

वय विचारल्यावर म्हणाली, "थोरल्या दुष्काळात चालायला शिकले." मी अठ्ठावन्न लिहिले.

"संस्थान राहावे की जावे?"

"ऱ्हावं."

साहेबाने खूण केली आणि कारण विचारले. हे तो प्रत्येकीला विचारत होता. बहुतेक जणी "सरकारांचं मीठ खाल्लंय" म्हणून उठत. काशम्माने मला विचारले, "मी बोलीन ते समदं लिवणार का?"

"लिहीन."

"मग लिवा. बोरमाळच्या बिरदेव धनगराची मायाक्का. आठ वर्सांची. गेल्या वैशाखात मी तिचा चुडा भरला. माझ्यापाशी सगळ्यात बारकी बांगडी पावणेदोनची, ती बी तिच्या कोपरापतोर जाऊन माघारी यायची. मग दोरा बांधला, दोन्ही हातांना. ह्या चार वर्सांत मी लई दोरे बांधले. श्रावणात तिचा नवरा तापानं गेला. बायका चुडा उतरवायला बसल्या, पर हात कुणाचा उचलंना. मी वाटेनं चालले हुते, मला हाक मारली. मी दोरा सोडला. बांगड्या आपसूक खाली आल्या. एक बी पिचली न्हाय. पोरगी मला म्हणती, आजी, परत बांध की."

मी हे इंग्रजीत सांगितले. मग साहेबाने जे विचारले ते मीही विचारले असते. असे असेल तर या बाईला संस्थान राहायला का हवे? जिल्ह्यात गेले की अशी लग्ने लावणे गुन्हाच होईल.

"त्याला सांगा," काशम्मा म्हणाली, "कायदा सोलापुरात हायच की. तितनं नऊ मैल पळून आलं की संपतोय. उद्या हितं आला तर माणसं आणि म्होरं पळतील. मोगलाई काय लांब न्हाय. तितं निजामाचं राज्य, तितं कोण इचारतंय? पर आमची सनद हितली हाय. ह्या शिवेत लग्नाचा चुडा आमच्याच घरचा. खालसा झालं की सनदेचा कागूद हुतो, मग कोण बी हातगाडीवाला येऊन दोरा बांधील. सनद हाय तवर मी न्हाय म्हणू शकते. म्हणून ऱ्हावं. आनि हे बी लिवा, की ज्या हातातनं पावणेदोनची बांगडी गळती त्या हातात मी चुडा भरणार न्हाय. आजपासनं."

पडद्यामागे कुजबुज झाली. मग गावात फुले विकणाऱ्या फुलारणीचा आवाज आला, "आनि तुज्या गौरीचं गं?"

"गौरीचा हात माझ्या रोजच्या बघण्यातला हाय," काशम्मा म्हणाली. "गळती."

तिने अंगठा उठवला आणि गेली. साहेबाची खूण पहिल्या रकान्यातच राहिली, कारण तिसरा रकाना नव्हता. बाकीचे सगळे मी कारणाच्या जागेत बारीक अक्षरात बसवले.

तिचे म्हणणे मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. त्या संध्याकाळी टांग्यात मी यजमानांना म्हटले, "एका म्हातारीच्या मनावर किती मुली सोडायच्या? ती गेल्यावर काय?" यजमान म्हणाले, "कायद्याचंही तसंच असतं. बजावणारा असेपर्यंत." ते वकील होते, त्यांनी असे म्हणायला नको होते.

संक्रांतीनंतर मडिवाळप्पा आणि त्यांची बायको करजवाडीला आली. मी त्या दिवशी काशम्माकडेच बसले होते. गुरुबसप्पा उंबऱ्याजवळ घोंगडीवर होता. महिनाभर नवराबायकोत बोलणे नव्हते.

मडिवाळप्पांनी गूळपाणी घेतले आणि मऊ आवाजात म्हणाले, "काशम्मा, कचेरीत बोललात ते बाहेरच्या वऱ्हाडांसाठी असंल, असं आमी धरून चाललोय."

"बाहेरच्यांच्या आनि घरच्या अशा येगळ्या बांगड्या मी ठेवत न्हाय."

"तिचं मनावर घिऊ नका," गुरुबसप्पा म्हणाला. "डोकं फिरलंय तिचं. वैशाखात लगीन हुईल. सनद माझ्या नावची हाय, तिच्या न्हवं."

"मग तुमी भरा चुडा," काशम्मा म्हणाली.

"भरतो की. हात गेले न्हाईत माझे. गौरा, हिकडं ये. ती पावणेदोनची माळ आण. आत्ता ह्यांच्या म्होरं एक भरून दावतो."

गौरम्मा आली आणि आजोबासमोर बसली. त्याने चाचपून तिचा हात घेतला, सवयीने तिचा अंगठा तळव्यात मिटवला, आणि थांबला. मिटवायला काही नव्हते. त्याने बांगडी घातली. ती मनगट ओलांडून सरळ कोपराशी गेली. त्याने हात खाली सोडायला सांगितला, तशी ती परत येऊन त्याच्याच ओंजळीत पडली.

हे त्याला माहीत नव्हते. एवढे बांगडीतले आयुष्य गेले, पण डोळे गेल्यापासून त्याने तिचा हात बांगडीसाठी कधी धरला नव्हता. ती घागरी भरत होती, भाकऱ्या थापत होती, त्याला हाताला धरून देवळात नेत होती आणि बाजारात भाव करत होती. तो तिच्या कामाच्या आवाजावरून तिचे वय धरून चालला होता.

"केवढी हाय ही?" त्याने विचारले.

"माघात अकरावं लागंल," काशम्मा म्हणाली.

त्याने तिचे मनगट पुन्हा चाचपले. मडिवाळप्पांची बायको म्हणाली, "त्यात काय एवढं, दोरा बांधा की. साऱ्या गावाला बांधताय."

"त्यो हिचा धंदा," गुरुबसप्पा म्हणाला. "मी दोऱ्याची बांगडी कधी भरली न्हाय." त्याने बांगडी माळेत परत ओवली. डोळ्यांनी दिसत नव्हते, तरी पहिल्याच प्रयत्नात. "मडिवाळप्पा, चार वर्सांनी या. तवा मी भरतो."

"चार वर्सं पोरगा थांबणार व्हय?"

"न्हाय थांबणार. ते बी खरं हाय."

मडिवाळप्पा भांडले नाहीत. चप्पल घालताना एवढेच म्हणाले, की राज्य टिकावे म्हणून आम्ही दहा लोकांना सांगत फिरलो, आणि घरच्याच माणसांनी असे करावे. त्याच वैशाखात त्यांनी मुलाचे लग्न मोगलाईत एका नऊ वर्षांच्या मुलीशी लावले.

मार्चमध्ये वरून हुकूम आला. दत्तक मंजूर झाला, संस्थान राहिले. राणीसाहेबांनी पेढे वाटले. काशम्माला विशेष मानाने लुगडे पाठवले, कारण तिने पहिल्या रकान्यात अंगठा दिला होता. त्यापुढचे त्यांनी वाचलेले दिसत नव्हते. तिने ते लुगडे नेसले.

मी त्या हंगामाचे आकडे नीट ठेवले. १९३५ च्या वैशाखात करजवाडीत एकोणचाळीस लग्ने झाली. पहिल्या तीन मुलींना तिने परत पाठवल्यावर सोलापूरच्या लोकांनी वाट काढली. ते मुलींना घरूनच चुडा भरून आणू लागले. शिवेत भरायची मनाई होती, भरलेला हात शिवेत आणायची नव्हती. ज्ञानबाने कचेरीत येऊन विचारले, "कारभारी, हातात असलेल्या बांगडीला मी आडवू कसं?" अशा बावीस मुली आल्या. खालच्या जातींतल्या आणि गरीब वऱ्हाडांना दोनदा खर्च झेपत नव्हता, ती तिच्याच दारात यायची, ऐकून घ्यायची, आणि काही जण रडून, काही जण शिव्या देऊन परत जायची. तिच्या नकाराने खरोखर मोडलेली लग्ने माझ्या वहीत चार आहेत. पाचवे गौरम्माचे.

जिल्ह्यात गेलो असतो तर किती मोडली असती, ते मला सांगता येत नाही. चारपेक्षा जास्त, असे मी यजमानांना म्हणत असे. मोगलाईचा हिशोब धर, असे ते म्हणत.

गौरम्मा मात्र फार चिडली होती. मडिवाळप्पांच्या दुकानात गुळाच्या ढेपा छतापर्यंत रचलेल्या असतात आणि लग्नात तिला मोटारीतून मिरवणार आहेत, असे कोणी तिला सांगितले होते. मडिवाळप्पांच्या मुलाचे लग्न लागल्याचे कळले तेव्हापासून अकरा दिवस ती आजीशी बोलली नाही. भाकरी करायची, पण आजीची भाकरी ताटात न वाढता टोपल्यातच ठेवायची. काशम्मा स्वतः उठून घ्यायची.

लग्नाचे काम कमी झाल्यामुळे काशम्माला पुन्हा जुन्यासारखे गावोगावच्या बाजारांना चालत जावे लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी काचेचे ओझे एकटीने वाहणे होईना. बाराव्या दिवशी बोरमाळचा बाजार होता. ती माळा बांधत असताना गौरम्माने त्यातल्या निम्म्या काढून आपल्या गाठोड्यात बांधल्या आणि पुढे चालू लागली. ओढ्यापर्यंत दोघींत वीस पावलांचे अंतर होते, असे मला काशम्माने सांगितले. वळीव पडून ओढ्याला पाणी आले होते, आणि काच भिजलेली चालते पण आपटलेली चालत नाही, म्हणून तिथे तिला आजीचा हात धरावा लागला.